एल्बर्टा पीच आणि मोडलेली फांदी



तीन वर्षांपूर्वीची जूनअखेरची गोष्ट. मी लेकीकडं अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ होते. रात्री पाऊस झाला आणि पहाटे परसातून मोठ्यानं कडकड आवाज आला. उजाडल्यावर पाहिलं तर पीचच्या झाडाची एक जाड फांदी खोडापासून चिरून खाली आली होती. तिच्यावर शंभराच्या वर हिरवी फळं होती, अजून तीन आठवड्यांनी पिकणारी.

फांदी पावसानं मोडली असं घरात सगळे म्हणाले. मला मात्र माहीत होतं की ती माझ्यामुळं मोडली. कशी, ते पुढं सांगते. त्या दिवशी मन इतकं खट्टू झालं की या झाडाची सगळी माहिती काढायचीच असं ठरवलं. लेकीनं गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. शेजारी राहणाऱ्या एका वयस्कर बाईंनी बरंच सांगितलं. त्यातून जो इतिहास हाती आला, तो आज तुमच्यासमोर ठेवते.

झाडाच्या बुंध्याला जुन्या मालकांनी तारेनं एक पत्र्याची पट्टी बांधली होती. तिच्यावर नाव होतं, एल्बर्टा. मला वाटलं, त्यांच्या मुलीचं नाव असेल. ते नाव एका बाईचंच निघालं, पण ती बाई दीडशे वर्षांपूर्वीची.

आधी फळाची ओळख. पीच म्हणजे उत्तरेकडचं आडू. आतून पिवळं, कोयीजवळ लालसर, सालीवर बारीक लव. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव प्रुनस पर्सिका, म्हणजे पर्शियाचं. रोमन लोकांना हे फळ इराणकडून मिळालं म्हणून त्यांनी तसं म्हटलं. खरं माहेर चीन. चीनच्या झेजियांग प्रांतात उत्खननात सात-आठ हजार वर्षांपूर्वीच्या पीचच्या कोयी सापडल्या आहेत.

आपल्या देशात ते कसं आलं याची एक जुनी नोंद आहे. ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकात भारतात फिरला. पंजाबातल्या चीनभुक्ती नावाच्या प्रदेशाबद्दल त्यानं लिहिलं आहे की, कनिष्क राजाच्या काळी चीनकडून आलेले ओलीस तिथं राहात होते. त्याआधी या भागात पीच आणि नासपती नव्हती, ती त्या ओलिसांनी लावली. म्हणून इथले लोक पीचला चीनानी आणि नासपतीला चीनराजपुत्र म्हणतात. परमुलखात अडकलेल्या माणसाला काय सुचलं, तर झाड लावणं. हे वाचून मला बरं वाटलं.

अमेरिकेत पीच नेलं स्पॅनिश लोकांनी, सोळाव्या शतकात. पण ते देशभर पसरवलं तिथल्या मूळ रहिवाशांनी. कोय टाकली की झाड येतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं, म्हणून हे झाड गावागावांत पोहोचलं. नंतर आलेल्या इंग्रजांना पीच इथलंच जंगली झाड वाटलं, इतकं ते रुळलेलं होतं.

पुढचं लिहिताना हात अडखळतो. १७७९ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जनरल सलिव्हन याच्या सैन्यानं न्यूयॉर्क भागातल्या इरोक्वा लोकांची गावं जाळली, धान्य नष्ट केलं, फळबागा तोडल्या. कायुगा सरोवराकाठच्या एका गावात पीचची सुमारे १५०० झाडं तोडल्याची नोंद आहे. पुढं १८६४ साली ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शे या दरीत नवाहो लोकांची पीचची हजारो झाडं सैन्यानं मुळाजवळून तोडली. माणसं शरण यावीत म्हणून झाडं तोडायची. ते लोक १८६८ साली परत आले आणि पुन्हा कोयी लावू लागले. त्या वाणाचं पीच आजही काही घरांमागं आहे.

आता आपल्या एल्बर्टाकडं येते.

जॉर्जियात मार्शलव्हिल नावाचं एक लहान गाव आहे. तिथं रम्फ नावाचं मोठं शेतकरी कुटुंब होतं. त्यांच्याकडं चायनीज क्लिंग नावाच्या पीचची झाडं होती. हा वाण १८५० च्या सुमारास थेट चीनमधल्या शांघायहून अमेरिकेत आला होता. फळ मोठं, रसाळ, आतून पांढरं, पण गर कोयीला घट्ट चिकटलेला. क्लिंग म्हणजे चिकटणारं.

तिकडं अशी कथा सांगतात की, घरातल्या आजींनी खाल्लेल्या फळांच्या काही कोयी आपल्या शिवणाच्या टोपलीत टाकून ठेवल्या होत्या. नातू सॅम्युएल हेन्री रम्फ याला लावायला बी हवं होतं, तेव्हा आजींनी त्या कोयी काढून दिल्या. त्यानं त्या १८७० साली पेरल्या. त्यातल्या एका झाडाला काही वर्षांनी फळं आली ती आईपेक्षा वेगळीच. मोठी, पिवळ्या गराची, आणि कोय सहज सुटणारी. जवळच अर्ली क्रॉफर्ड नावाच्या पिवळ्या पीचची झाडं होती. मधमाश्यांनी तिकडचं पराग इकडं आणलं असावं, असं जाणकारांनी ठरवलं. सॅम्युएलनं या नव्या वाणाला आपल्या पत्नीचं नाव दिलं. तिचं नाव क्लारा एल्बर्टा मूर.

शिवणाची टोपली प्रत्येकीच्या घरी असते. माझ्या टोपलीत दोऱ्याची रिळं आहेत, तुटक्या माळेचे मणी आहेत आणि दोडक्याचं बी सुद्धा कागदात बांधून ठेवलेलं आहे. घरातले म्हणतात, हा काय पसारा. आता मी त्यांना ही गोष्ट सांगते. आणखी एक मनात आलं. क्लाराबाईंचं नाव लाखो लोकांच्या तोंडी गेलं, पण त्या कशा होत्या, त्यांना हे फळ आवडायचं का, हे कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. कोयी ठेवणाऱ्या आजींचं तर नावही फळाला मिळालं नाही.

माझं शिक्षण कॉमर्सचं. पुढची गोष्ट मी त्या नजरेनं वाचली.

पीच हे अत्यंत नाजूक फळ. पिकलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, बोट लागलं तरी डाग पडतो. जॉर्जियात फळ भरपूर, पण विकत घेणारी श्रीमंत शहरं उत्तरेला, हजार मैलांवर. सुरुवातीला लोक फळं कोळशाच्या भुकटीत घालून पाठवत. १८५० च्या दशकात कोलंबस गावच्या राफेल मोझेस यांनी त्याऐवजी शॅम्पेनच्या टोपल्या वापरून पाहिल्या. फळाची चव टिकली आणि माल राज्याबाहेर विकला गेला.

सॅम्युएल रम्फनं पुढची पायरी गाठली. एल्बर्टाचा गर घट्ट, त्यामुळं प्रवासात ते कमी खराब होई. तरीही उन्हाळा कडक, म्हणून त्यानं बर्फ भरता येईल अशी चाकांवरची मोठी पेटी तयार केली. फळं या पेटीत ठेवून रेल्वेनं न्यूयॉर्कला पाठवली. या कल्पनेचं त्यानं पेटंट घेतलं नाही, असं तिकडं नोंदलेलं आहे. ज्याला हवी त्यानं तशी पेटी करावी. त्याची कमाई फळांतून झाली आणि विलो लेक या त्याच्या रोपवाटिकेतून झाली, कारण आता प्रत्येकाला एल्बर्टाचं कलम हवं होतं.

पुढच्या पन्नास वर्षांत जॉर्जिया म्हणजे पीच असं समीकरण झालं. १९२२ ते १९२६ या काळात फोर्ट व्हॅली या गावात दर वसंतात पीचच्या फुलांचा उत्सव भरत असे. १९२४ साली एका नव्या जिल्ह्याला पीच काउंटी असंच नाव दिलं. १९२८ साली राज्यात जवळजवळ ८० लाख बुशेल पीच निघालं, तो आजवरचा उच्चांक. आज अमेरिकेत सर्वांत जास्त पीच कॅलिफोर्नियात होतं. पण जॉर्जियाच्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर पीचचं चित्र दिसतं आणि १९९५ पासून ते राज्याचं अधिकृत फळ आहे.

ताळेबंदाला दोन बाजू असतात. गुलामगिरी १८६५ साली संपली, पण बागा गोऱ्या जमीनदारांच्याच राहिल्या. फळ तोडणारे, पेट्या भरणारे बहुतेक काळे मजूर. कापसाच्या दोन कामांच्या मधल्या उन्हाळ्यात पीच पिके, म्हणून त्याच मजुरांना थोडक्या मजुरीत तिकडं वळवता येई. शेजारच्या बाईंची आई तरुणपणी पॅकिंग शेडमध्ये उभ्यानं फळं निवडायची. त्या म्हणाल्या, "पीचची लव घामाला चिकटते आणि अंगाला इतकी खाज सुटते की रात्री झोप येत नाही. आईनं घरी कधी पीच आणलं नाही." फुलांच्या उत्सवाच्या वर्णनात हे कुठं येत नाही. म्हणून मी इथं मुद्दाम लिहिलं.

मग एल्बर्टा मागं का पडलं? ज्या गुणामुळं ते वर आलं त्याच गुणात दुसरे पुढं गेले. नवे वाण निघाले, जास्त लाल, जास्त घट्ट, लवकर पिकणारे. मिशिगन राज्यात १९४० साली आलेलं रेडहेवन त्यातलं एक. दुकानात बाई फळ उचलते ते रंग बघून. एल्बर्टा पिवळं, लाली थोडी. शिवाय त्याच्या पानांवर आणि फळांवर ठिपक्यांचा रोग लवकर येतो. व्यापाऱ्यांनी ते सोडलं. मात्र घरामागच्या बागांमध्ये ते राहिलं, कारण चवीला ते उजवं आणि कोय सहज सुटते. बरणीत भरून ठेवायला, वाळवायला बायकांना तेच हवं असे. म्हणजे बाजारानं टाकलेलं फळ स्वयंपाकघरानं जपलं.

आता त्या मोडलेल्या फांदीकडं येते.

मार्चमध्ये झाड गुलाबी फुलांनी भरलं होतं, पान एकही नाही. एप्रिलमध्ये बोराएवढी फळं धरली. एल्बर्टाला दुसऱ्या झाडाची गरज नसते, एकटंच झाड फळतं, आणि फळतं ते अतोनात. जावई म्हणाले, "आई, आता विरळणी करावी लागेल. दर वीतभर अंतरावर एकच फळ ठेवायचं, बाकीची काढायची." मला ते सहन होईना. चांगली धडधाकट कोवळी फळं, आपल्या हातानं खुडून फेकायची? मी म्हणाले, "राहू द्या हो. झाडाला जितकी पेलवतील तितकी ते ठेवेल, बाकीची आपोआप गळतील." ते माझा मान राखून गप्प बसले.

काही फळं खरंच गळली. पण झाडाचा हिशेब आणि आपला हिशेब वेगळा. झाड कोयी जास्तीत जास्त व्हाव्यात म्हणून धडपडतं, फळ मोठं व्हावं ही हाव आपली. शतकानुशतकं निवडून निवडून आपण फळ मोठं केलं, फांदी मात्र तेवढीच राहिली. पीचचं फळ शेवटच्या काही आठवड्यांत झपाट्यानं वाढतं. वजन वाढलं, त्यात पावसाचं पाणी, आणि फांदी गेली. वीस-पंचवीस कोवळी फळं खुडण्याचं पाप टाळायला गेले आणि शंभर फळांसह फांदीच गमावली. खोडाला चीर पडली ती वेगळीच.

मी पाठशाळेत शिकलेलं आठवलं. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. घर-संसार, शेती-बाग यांत होणारी आरंभी आणि उद्योगी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, पण ती यत्नानं, विवेकानं कमीत कमी करायची आहे. माझ्या मनात करुणा होती, विवेक नव्हता. झाडाबद्दल काहीही माहिती न घेता मी दया करायला गेले होते. शास्त्रात ज्ञानाला दयेच्या आधी का ठेवलं आहे, हे मला त्या सकाळी थोडं समजलं.

गेल्या वर्षी पुन्हा गेले तेव्हा सगळं नीट शिकून केलं. ज्यांच्या मुली-सुना थंड प्रदेशात आहेत त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पीचला दिवसभर ऊन हवं आणि पाण्याचा निचरा हवा. जॉर्जियाची माती लाल, चिकण, आपल्या शाडूसारखी घट्ट. म्हणून झाड उंचवट्यावर लावतात. रोप हिवाळ्यात, पानं झडलेली असताना लावायचं. छाटणी हिवाळा संपता संपता करायची. मधली जागा मोकळी ठेवून झाड परडीसारखं उघडं करायचं, म्हणजे ऊन-वारा आतपर्यंत जातो आणि बुरशी कमी लागते. पीचला फळ धरतं ते मागच्या वर्षी वाढलेल्या काडीवर. म्हणून दरवर्षी छाटणी केली नाही तर फळ शेंड्याकडं सरकत जातं. विरळणी फुलं झडल्यावर चार ते सहा आठवड्यांत करायची. या वेळी मी स्वतः हात लावला. आधी णमोकार म्हटला, मग एक एक फळ खुडलं.

किडीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. तिकडं प्लम कर्क्युलिओ नावाचा एक छोटा भुंगा असतो. आपल्या गव्हातल्या सोंड्याचा भाऊच म्हणा, तशीच सोंड. तो कोवळ्या फळाला चंद्रकोरीसारखी खाच पाडून अंडं घालतो. व्यापारी बागांमध्ये विषाची फवारणी करतात. मी लेकीला स्पष्ट सांगितलं, मी इथं असताना ते होणार नाही. मग जुन्या पुस्तकात एक पद्धत सापडली. औषधं नव्हती तेव्हा लोक पहाटे गारव्यात झाडाखाली चादर पसरून खोड हलवत. हे भुंगे मेल्याचं सोंग घेऊन टपटप खाली पडतात. ते लोक पुढं त्यांना मारत. मी चादरीसकट उचलून पलीकडच्या रानात सोडून यायचे. काही परत येत असतील. रोज पहाटे तीन आठवडे हे केलं. नातीला मोठी गंमत वाटायची.

दुसरा उपाय पिशव्यांचा. विरळणी झाली की उरलेल्या प्रत्येक फळाला जाळीच्या कापडाची छोटी पिशवी बांधायची, लग्नात आपण सुपारी-बदाम देतो तशी. कीड आत जाणार नाही, फळ वाचेल, कुणाला मारावं लागणार नाही. एकशे दहा पिशव्या मी हातानं शिवल्या. तिसरी गोष्ट स्वच्छतेची. गळलेलं, सडलेलं फळ झाडाखाली ठेवायचं नाही, फांदीवर वाळून राहिलेलं फळ काढून टाकायचं. बुरशी आणि कीड दोन्ही तिथूनच पसरतात. आपल्याकडं घर आणि चूल झाडूनपुसून ठेवण्याचं जे कारण, तेच इथं.

हे सगळं करूनही तीसेक फळं कीडली. तेवढी त्यांची, असं म्हणून सोडून दिली.

आता खाण्याबद्दल. हे फळ आपल्याला चालतं का, असं मंदिरात एकीनं मला विचारलं होतं. पीच बहुबीज नाही, आत एकच कोय. तरी शोधल्याशिवाय खायचं नाही. तिकडची पोरं धुतलं की थेट दात लावतात. मी दोन फोडी करून, कोय काढून, उजेडात बघूनच देते. नात म्हणाली, "आजी, तू प्रत्येक फळाची परीक्षा घेतेस." पण या नियमामागं अनुभव आहे. पीचमध्ये कधीकधी आतली कोय दुभंगते, देठाजवळ फट पडते आणि तिथून बारीक किडे आत जाऊन बसतात. बाहेरून फळ सुरेख दिसतं. फोडून बघितलं की कळतं. आमच्या सासूबाई शोधून खा म्हणायच्या ते उगीच नाही. आणि कोयीच्या आतलं बदामासारखं बी मुलांना खाऊ देऊ नका, त्यात विषारी अंश असतो.

बरणीत महिनोन्महिने ठेवलेलं आमच्या मर्यादेत बसत नाही. म्हणून मी फोडी करून जाळीखाली कडक उन्हात वाळवल्या. जॉर्जियात पूर्वी असंच करत, आणि नवाहो बायकाही पीच वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवीचा त्याग असतो तेव्हा लेकीला त्या सुक्या फोडी उपयोगी पडल्या. अर्धवट पिकलेल्या चार फळांचा गूळ-मेथी घालून मेथांब्यासारखा प्रकार केला, तो त्याच दिवशी संपला.

काहीजणी विचारतील, आपल्याकडं हे झाड लावता येईल का? एल्बर्टा तरी नाही. त्याला हिवाळ्यात सुमारे ८०० तास सात अंशांखालची थंडी लागते, तेव्हाच त्याचे डोळे फुटतात. सांगली-कोल्हापुरात, पुण्यात इतकी थंडी कुठली? हिमाचलमध्ये मध्यम उंचीवर जुलै एल्बर्टा नावाचा वाण लावतात. सिरमौर जिल्ह्यातलं राजगड पीचसाठी प्रसिद्ध आहे. पंजाबच्या मैदानात कमी थंडीवर येणारे शान-ए-पंजाबसारखे वाण आहेत. उन्हाळ्यात बाजारात येणारी आडू तिकडचीच. कोयी पर्समध्ये घालून परदेशातून आणू नका. तो कायद्यानं गुन्हा आहे आणि कोयीबरोबर रोगही येतो.

पीचचं झाड पंधरा-वीस वर्षं जगतं. रम्फच्या बागेतलं पहिलं एल्बर्टा केव्हाच गेलं असणार. मग लेकीच्या परसातलं झाड एल्बर्टा कसं? कोयीपासून आलेलं झाड आईसारखंच असेल असं नाही, चायनीज क्लिंगच्या कोयीतूनच एल्बर्टा निघालं ना. वाण टिकतो तो डोळा भरून. उन्हाळ्यात त्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून दुसऱ्या पीचच्या खुंटावर बसवायचा. दीडशे वर्षं कुणी ना कुणी हे करत आलं म्हणून ते झाड आहे. प्रत्येक वेळी जुनं झाड मरायच्या आधी कुणाला तरी ते सुचलं.

आणि इथं मला माझ्या माहेरचा आंबा आठवतो. आमच्या परड्यात एक रायवळ आंबा होता. आजीला आम्ही आव्वा म्हणायचो आणि तिनं लावलेला म्हणून तो आव्वाचा आंबा. फळ लहान, दोऱ्यांचं, पण रस असा की वाटी तोंडाला लावली की खाली ठेवावीशी वाटत नसे. भावांच्या वाटण्या झाल्या, तिथं घर बांधायचं ठरलं आणि झाड तोडलं. मी तेव्हा चाळिशीची होते. मला कळलं तेव्हा रडले, पण आधी कळलं असतं तरी एक कलम बांधून घ्यावं हे मला सुचलं नसतं. तालुक्याच्या रोपवाटिकेतल्या माळ्यानं ते थोड्या पैशांत करून दिलं असतं. हापूसची कलमं सगळीकडं मिळतात, आव्वाचा आंबा आता कुठंच मिळणार नाही.

लहानपणी आपण सगळ्यांनी सहा लेश्यांचं चित्र पाहिलं आहे. आचार्य नेमिचंद्रांच्या गोम्मटसारातही हा दृष्टांत येतो. सहा भुकेले प्रवासी फळांनी लगडलेल्या झाडाखाली येतात. कृष्ण लेश्येचा म्हणतो झाड मुळापासून तोडू. नील म्हणतो खोड तोडू, कापोत म्हणतो मोठी फांदी, पीत म्हणतो लहान डहाळी, पद्म म्हणतो फक्त फळं खुडू. शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलेली आहेत तेवढी पुरेत. इरोक्वांच्या आणि नवाहोंच्या बागा वाचताना मला पहिला माणूस डोळ्यांसमोर दिसला. आव्वाचा आंबाही आमच्याच माणसांनी मुळापासून तोडला. आणि मी स्वतःला सहावी समजत होते, फळाला हातसुद्धा न लावणारी. पण लेश्या म्हणजे मनाचे परिणाम. माझे परिणाम दयेचे होते की 'माझ्या हातानं पाप नको' एवढ्याच काळजीचे, हे मी अजून स्वतःला विचारते.

गेल्या जुलैत शेजारच्या बाईंनी मला डोळा भरायला शिकवलं. आम्ही तीन खुंटांवर तीन डोळे बसवले. त्यातला एक धरला. चिरलेलं जुनं झाड आणखी चार-पाच वर्षं काढेल असं त्या म्हणाल्या. पत्र्याची पट्टी लेकीनं काढून धुऊन ठेवली आहे, नव्या झाडाला बांधायला.

तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी, सासरी, परड्यात असं एखादं झाड असेल, आजीचा आंबा, काकूंचं लिंबू, ज्याची चव फक्त तुमच्या घराला ठाऊक आहे, तर या पावसाळ्यात माळ्याला बोलावून त्याचं एक कलम बांधून घ्या. घर बांधायचं ठरण्याच्या आधी.

माझ्या लिहिण्यात काही चूक राहिली असेल तर मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र.